ऑइल पेस्टल पहिल्यांदाच: स्केचबुकातलं पहिलं पान आणि काही प्रश्न

शिसरेघ

गेली सहा-सात वर्षं मी फक्त पेन्सिल आणि काळ्या शाईच्या पेननं चित्रं काढतेय. रोज एक पान, समोर दिसेल ते. रंग करावेसे वाटायचे, पण रंग म्हटलं की पाणी, ब्रश, फडकं, पॅलेट असा पसारा मांडावा लागतो आणि माझ्या हातात झोपण्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं असतात. म्हणून ऑइल पेस्टल घेतले. २४ खडूंची पेटी. उघडली की काम सुरू, मिटली की आवरलं.

काल पहिलं पान केलं. विषय साधाच घेतला: टेबलावरची निळी इनॅमलची किटली, डावीकडून दिव्याचा उजेड, मागे पिवळसर भिंत. पेन्सिलीनं नीट बाह्यरेषा काढली, झाकणाचा लंबगोल दोनदा खोडून बरोबर बसवला आणि मग आत निळा भरायला घेतला, पेन्सिलीनं छटा भरते तसाच, जवळजवळ रेघा मारत. खडूचं टोक पाचव्या-सहाव्या रेघेला गोल झालं. झाकणाची कड कागदावर जेमतेम दोन मिलिमीटर आणि खडू करंगळीएवढा जाड, त्यामुळे कड गेलीच.

मग पोटावरची चकाकी काढायला पांढरा खडू निळ्यावर फिरवला. चकाकी आलीच नाही, निळा फक्त फिकट झाला आणि पांढऱ्या खडूचं टोक निळं झालं. ते न बघता तोच खडू भिंतीच्या पिवळ्यात घातला, तिथे हिरवे पट्टे उमटले. खाली पेन्सिलीची रेघ होती तिथला पिवळा करडा, मळका झाला. वरून निळ्याचे बारीक कण पानभर पडले होते, ते हातानं झटकले तर प्रत्येक कणाची एक निळी रेघ ओढली गेली.

सगळ्यात वाईट वाटलं ते सकाळी. वही उघडली तर डाव्या पानावर किटलीचा उलटा ठसा. त्या पानावर खिडकीचं शाईतलं चित्र होतं, मागच्याच आठवड्यातलं, माझ्या आवडीचं.

तरीही मला हे सोडायचं नाही. किटलीखाली जी सावली पडली होती तिथे मी निळ्यावर तपकिरी आणि त्यावर जांभळा जोर देऊन लावला होता. ती जागा दोन बोटं रुंद आहे. तिथला रंग इतका दाट आणि खोल आलाय की शिशाच्या पेन्सिलीनं इतक्या वर्षांत मला तसा काळोख कधी जमला नव्हता. त्या दोन बोटांसाठी मला हे माध्यम शिकायचंय.

तर विचारते: हे सुकायला किती दिवस लागतात? पांढरा पांढराच राहावा म्हणून काय करायचं? आणि इतक्या जाड खडूनं कड कशी काढायची?

जाडकागद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ऑइल पेस्टल सुकत नाहीत. काही दिवस, काही महिने असा हिशोबच नाही.

तैलरंग सुकतात कारण त्यात जवसाचं तेल असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. ऑइल पेस्टलमध्ये रंगद्रव्य, मेण आणि खनिज तेल असतं. खनिज तेल हवेत कितीही दिवस ठेवलं तरी तेलच राहतं. दोन-तीन आठवड्यांनी पृष्ठभाग थोडा आवळल्यासारखा वाटेल, पण नख लावलं तर ओरखडा उमटणारच.

याचे फायदेही मोठे आहेत. चार महिन्यांनी तेच पान उघडून पुढे काम करता येतं, खालचा रंग तेव्हाही सरकतो. पेटीतले खडू वाळून जात नाहीत. आणि जवसाचं तेल कोऱ्या कागदात मुरलं की कालांतरानं कागद ठिसूळ होतो, म्हणून तैलरंगासाठी कागदाला आधी अस्तर द्यावं लागतं. इथे तशी गरज नाही, थेट कागदावर लावा.

वहीसाठी मी करतो ते सांगतो. फक्त उजवं पान वापरतो. पानाच्या मापाचा बटर पेपर कापून शिवणीच्या बाजूला टेपची एक पट्टी लावून पानावर पाडतो. ग्लासिन (गुळगुळीत, पातळ, अर्धपारदर्शक कागद) मिळाला तर आणखी चांगला, त्याला रंग कमी चिकटतो. आणि वही बंद केल्यावर तिला जाड रबरबँड लावतो. पानं नुसत्या दाबानं फार खराब होत नाहीत. पिशवीत वही हलते, पानं एकमेकांवर घासतात, त्यानं होतात.

चित्राभोवती बोटभर जागा सोडून मास्किंग टेप लावायची सवयही आत्ताच लावून घ्या. पान धरायला कोरी जागा राहते, शेवटी टेप काढली की चारही कडा स्वच्छ मिळतात.

ते खिडकीचं पान मात्र फाडू नका.

उन्हसावली

शिसरेघ, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की पान न बघताही सगळं कळलं. तुम्ही पेस्टलकडून पेन्सिलीचं काम करून घेत होता. पेन्सिल कडेकडून आत जाते: आधी बाह्यरेषा, मग छटा. पेस्टल आतून कडेकडे येतो. आधी रंगाचा ठोकळा मांडायचा, आणि कड म्हणजे दोन रंग जिथे भेटतात ती जागा. किटलीची कड किटलीच्या निळ्यानं काढायची नसते, ती भिंतीच्या पिवळ्यानं काढायची.

हीच किटली परत घ्या. मी कशी करेन ते सांगते.

शिशाची पेन्सिल बाजूला ठेवा. फिकट रंगाखाली शिसं मिसळतं आणि रंग मळतो, ते तुम्ही पाहिलंच. जागा आखायची तर तिथे जो रंग येणार आहे त्याच खडूनं, अगदी हलक्या हातानं. डोळे अर्धे मिटून किटलीकडे बघा आणि तीनच भाग करा: उजेडाचा, मधला, अंधाराचा. झाकण, तोटी, दांडा हे सगळं या तीन भागांत कुठे ना कुठे बसतं.

खडूचा कागद सोला. हो, सगळाच. मधोमध मोडा. आता तुकडा आडवा धरून कुशीवर फिरवा, टोकानं नाही. पहिला थर इतका हलका हवा की कागदाचे खळगे रिकामे दिसत राहिले पाहिजेत. हे फार महत्त्वाचं आहे. कागदाचा दाणा ठरावीक रंगच धरतो. पहिल्याच थराला खळगे भरून टाकले तर दुसरा रंग बसायला जागा उरत नाही, तो वरून घसरतो आणि खालचा खरवडून आणतो. तुमचा पांढरा फिकट निळा का झाला, त्याचं कारण हेच.

फिकट आधी, गडद नंतर. म्हणजे भिंत आधी. पिवळा लावताना किटलीच्या कडेला केसभर फट सोडा. मग किटलीत मधला निळा, उजेडाच्या बाजूला त्यावर आकाशी किंवा हिरवट निळा, अंधाराच्या बाजूला जांभळा. काळा खडू पेटीतून काढूनच ठेवा सुरुवातीला. काळा सगळ्यात लवकर सगळीकडे पसरतो. तुमची ती सावली खोल दिसली कारण ती निळ्या, तपकिरी आणि जांभळ्याची होती, काळ्याची नव्हती.

आता चकाकी. तिथे पहिल्यापासून काहीही लावायचं नाही. ती जागा कोरी ठेवायची, आजूबाजूनं जायचं आणि अगदी शेवटी पांढरा खडू तिथे एकदाच दाबून उचलायचा. घासायचा नाही. घासला की कडेचा निळा आत येतो.

डाव्या हातात टिश्यू ठेवा. प्रत्येक वेळी रंग बदलला की टोक पुसायचं, आणि पिवळा-पांढरा असेल तर दोन रेघांमध्येसुद्धा पुसायचं. पहिल्या दिवशी हे कटकटीचं वाटतं, आठवड्यात हाताला सवय होते. सोडलेली फट शेवटी पिवळ्यानं बंद करा, कडेला समांतर ओढत. कडेवरून आडवा ओढलात तर निळा भिंतीत येईल.

कण हातानं झटकायचे नाहीत. वही उभी धरून मागून टिचकी मारा, बरेचसे पडतात. उरलेले सुरीच्या टोकानं उचला, किंवा मळून मऊ होणारा खोडरबर असतो तो हलकेच टेकवून उचला.

आणि रंग एकमेकांत मिसळायला बोट चालतं. बोटाच्या उबेनं मेण मऊ होतं. मोठ्या जागेला बोट, छोट्या जागेला कापसाची काडी किंवा कागदाची सुरळी. फिकटाकडून गडदाकडे जा, आणि मधे बोट पुसा.

रेघोट्या

बाकी सगळ्याला दुजोरा, पण शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे, आणि मनापासून आहे. नव्या माणसाला बोटानं चोळायला सांगू नये.

एकदा चोळायची सवय लागली की प्रत्येक जागा चोळली जाते. रंग गुळगुळीत होतो, एकसारखा होतो, खडूचा खडूपणा निघून जातो. शेजारी शेजारी मारलेल्या नारिंगी आणि निळ्या रेघा लांबून पाहिल्या की डोळ्यात मिसळतात आणि त्यात एक थरथर असते. तेच दोन रंग बोटानं चोळले की करडा तपकिरी उरतो, बस. मधून मधून कोरा कागद दिसला पाहिजे, तेव्हा चित्राला श्वास मिळतो.

आणि शिसरेघ यांच्या हातात इतक्या वर्षांची रेघ आहे. ती कशाला टाकून द्यायची? मी तर म्हणेन, रेघाच मारा, फक्त मोठ्या मारा. किटलीच्या गोलाईवरून वळत जाणाऱ्या रेघा, पाच-सहा वेगवेगळ्या निळ्यांच्या. वहीचं पान लहान असेल तर किटली पानभर घ्या, अर्धी पानाबाहेर गेली तरी चालेल. खडू जाड वाटतो तो चित्र लहान असतं म्हणून.

एकदा तपकिरी किंवा काळ्या कागदावर करून बघा. जलरंग तिथे बुडून जातात, पण ऑइल पेस्टल अपारदर्शक असतात, फिकट रंग गडद कागदावर दिव्यासारखे दिसतात. मधला भाग कागदच सांभाळतो, तुम्ही फक्त उजेड आणि काळोख मांडायचा.

उन्हसावली

रेघोट्या, मान्य, सगळंच चोळलं की चित्र मेणचट दिसतं. पण मागची भिंतही रेघारेघांची आणि किटलीही रेघारेघांची असली तर नजर ठरत नाही. भिंत चोळावी, किटली चोळू नये, असं मी बदलून म्हणते. गुळगुळीत मागे जातं, खडबडीत पुढे येतं.

रेघोट्या

हे पटलं.

पहिलाधडा

मीही सुरुवात करतोय. लहानपणी वापरायचो ते मेणाचे खडू आणि हे यात नक्की फरक काय? दिसायला सारखेच आहेत. आणि सॉफ्ट पेस्टल म्हणजे आणखी वेगळं का?

जाडकागद

तिन्ही वेगळे. मेणखडूत मुख्यतः पॅराफिन मेण असतं, ते कडक असतं, रंगद्रव्य कमी, एकावर एक थर फारसे बसत नाहीत. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य आणि किंचितसा डिंक, कोरडी भुकटी, फुंकर मारली तर उडते. ऑइल पेस्टल या दोघांच्या मधे: मेणखडूसारखा हातात धरायचा, पण तेलामुळे मऊ आणि दाट. भुकटी उडत नाही, त्यामुळे झोपायच्या खोलीत वापरायला सॉफ्ट पेस्टलपेक्षा हे बरे.

जन्मही तसाच झालाय. जपानमधल्या साकुरा कंपनीनं १९२० च्या दशकात शाळेतल्या मुलांसाठी हे बनवले. मुलांनी नमुना बघून नक्कल करण्यापेक्षा स्वतः बघून मोकळेपणी काढावं, असा आग्रह चित्रकार कानाए यामामोतो धरत होते. त्यासाठी मेणखडूपेक्षा मऊ आणि पेस्टलपेक्षा न सांडणारं काहीतरी हवं होतं. नाव ठेवलं क्रेपा, म्हणजे क्रेयॉन आणि पेस्टल मिळून. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग असा की सुरुवातीला ते दोन प्रकारात यायचे: हिवाळ्यासाठी जास्त तेलाचे, उन्हाळ्यासाठी कमी तेलाचे. १९२७ मध्ये घटक सुधारले, तेव्हा एकच प्रकार वर्षभर चालायला लागला. खडू थंडीत कडक आणि उन्हात लोण्यासारखा होतो ते आजही दिसतं.

चित्रकारांच्या दर्जाचे पेस्टल नंतर आले. १९४९ मध्ये फ्रान्समधल्या सेनेलिए कंपनीनं चित्रकार आंरी गोएट्झ यांच्या सांगण्यावरून पिकासोसाठी ते तयार केले. ते इतके मऊ असतात की लिपस्टिकसारखे लागतात.

घेताना एक जपा. कारान दाश कंपनीचे नियोपेस्टल हे ऑइल पेस्टल आहेत, पण त्यांचेच नियोकलर हे मेणाचे आहेत, आणि नियोकलर २ तर पाण्यात विरघळतात. नावं जवळजवळ असल्यानं अनेकांची गल्लत होते.

शिसरेघ

सगळ्यांचे खूप आभार. चार रात्री काम केलं, आता सांगण्यासारखं आहे.

तपकिरी कागद घेतला, १६० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन १६० ग्रॅम), चारी बाजूंनी टेप. किटली मोठी केली, दांडा वर टेपखाली जातो इतकी. खडू मोडताना हात अडला, नवी कोरी पेटी होती. पण मोडल्यावर कुशीवर फिरवला आणि एका ओढीत अर्धी भिंत झाली. पेन्सिलीत मला त्याला दोन रात्री लागल्या असत्या.

पहिल्या रात्री फक्त भिंत आणि हलका निळा. दुसऱ्या रात्री उजेडाकडे आकाशी, अंधाराकडे जांभळा, रेघांनी, पोटाच्या गोलाईवरून वळवत. भिंत बोटानं चोळली, किटलीला बोट लावलं नाही. दोघांचंही ऐकलं आणि दोघंही बरोबर होतात. चोळलेली भिंत खरोखर मागे गेली.

चकाकीची जागा तीन रात्री कोरी सांभाळली. चौथ्या रात्री पांढरा खडू पुसला, टेकवला, दाबला, उचलला. तांदळाच्या दाण्याएवढा जाड, खडखडीत पांढरा ठिपका बसला. दिवा हलवला तर त्या ठिपक्याला स्वतःची बारीकशी सावली पडते.

पोटाच्या डाव्या बाजूला पहिला थर जोरात गेला होता, तिथे आकाशी बसेना. जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन तो भाग खरवडला. निळा डाग राहिला, पण कागदाचा दाणा परत मोकळा झाला आणि त्यावर आकाशी नीट बसला. उलट खालचा डाग मधून मधून दिसतो तो छान दिसतो.

अडलंय ते तोटीपाशी. तोटीखाली एक अरुंद सावली आहे आणि किटलीच्या झाकणाला काळी पातळ किनार आहे. मोडलेल्या खडूची धार एक-दोन रेघा टिकते, मग परत बोथट. रंगीत पेन्सिल वरून चालवून पाहिली, ती नुसती घसरते.

उन्हसावली

तो पांढरा ठिपका! मला तिथे असल्यासारखं वाटलं.

पातळ जागांसाठी काही गोष्टी आहेत. ब्लेडनं खडूचं टोक तिरकं कापा, छिन्नीसारखं. काम सुरू करण्याआधी तो एक खडू दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, थंड खडूची धार जास्त टिकते. सावलीची कड सरळ हवी असेल तर कागदाची पट्टी कडेवर धरा आणि खडू पट्टीवरून चित्राकडे ओढा, पट्टी उचलली की खाली धारदार कड. झाकणाच्या किनारीसाठी खडू कागदावर टेकवूच नका. सुरीच्या टोकानं खडूचा थोडा रंग कापून घ्या आणि तो टोकानंच जागेवर ठेवा, सुरीनं लोणी लावतो तसा.

उलटा रस्ताही आहे. खाली फिकट रंगाचा भरपूर थर, वर गडद, आणि शाई संपलेल्या बॉलपेननं वरचा थर खरवडायचा. खालचा रंग केसाएवढ्या बारीक रेघेत वर येतो. तुमचा हात शाईच्या पेनवर बसलेला आहे, तुम्हाला हे लगेच जमेल.

दुपारपाळी

टर्पेंटाइन लावून बघा, पहिला थर ब्रशनं पसरतो, जलरंगासारखा दिसतो.

जाडकागद

पसरतो खरा, पण शिसरेघ रात्री झोपायच्या खोलीत काम करतात. टर्पेंटाइनला खिडक्या उघड्या हव्यात, जवळ दिवा-आगकाडी नको. कमी वासाचं द्रावण घेतलं तरी वाफ असतेच. मी तरी नाही म्हणेन. बेबी ऑइलनंही रंग सरकतो, पण ते उडून जात नाही, कागदात मुरतं आणि पाठीमागे तेलकट डाग उमटतो.

खालचा थर पातळ आणि झटपट हवा असेल तर तो गुआश (पाण्यात मिसळायचे अपारदर्शक रंग) किंवा अॅक्रिलिकनं करा, पूर्ण सुकू द्या आणि वरून पेस्टल. उलट मात्र कधीच नाही. पेस्टलवर अॅक्रिलिक लावलं तर ते धरत नाही, सोलून निघतं. पेस्टलवर पाण्याचे रंग मात्र गमतीसाठी टाकून पाहा: तेलकट रेघ पाणी झिडकारते आणि रंग फक्त मोकळ्या जागेत बसतो.

पहिलाधडा

कागदाचं कोणी सांगेल का? माझी वही ९० जीएसएमची आहे. पाठीमागे सगळं उमटतं.

जाडकागद

९० ला दाब सहन होत नाही, मागे खडूच्या रेघा उठून दिसतात. १६० पासून पुढे बरं, २०० च्या वर निवांत. पण जाडीपेक्षा दाणा महत्त्वाचा. गुळगुळीत कागद कितीही जाड असला तरी दुसऱ्या थरालाच खडू घसरतो. जलरंगाचा खडबडीत कागद पुष्कळ थर घेतो, पण त्याचे खळगे खोल असतात, मधे पांढरे ठिपके राहतात. काहींना तेच आवडतं. मला दोन्हींच्या मधला.

असलेली वही वापरायची तर पानाला जेसोचा (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) एक पातळ हात द्या, सुकला की चांगला दाणा मिळतो. पान थोडं वळेल, त्याला इलाज नाही. आणि चिकटवलेल्या शिवणीची वही बटर पेपर घालून घालून फुगते, पाठ सुटते. स्पायरल वही घ्या, किंवा प्रत्येक दोन पानांनंतर एक पान कापून टाका.

दुपारपाळी

फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा) मारलं की झालं ना? बटर पेपरची गरजच काय?

उन्हसावली

सॉफ्ट पेस्टलचं फिक्सेटिव्ह यावर काम करत नाही. ते भुकटी धरून ठेवायला असतं, इथे भुकटीच नाही. ऑइल पेस्टलसाठी वेगळं येतं, सेनेलिएचं आहे, पण त्यानंही वर पातळ कवच येतं, आतला रंग मऊच राहतो. आधी कोपऱ्यात करून बघायचं. भिंतीवर लावायचं असेल तर काच, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून मधे जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट.

वहीत बंद राहणाऱ्या चित्राला उन्हाची भीती नाही. भिंतीवर लावणार असाल तर स्वस्त पेट्यांतले झगझगीत गुलाबी-नारिंगी टाळा, ते उडतात. प्रत्येक रंगाची एक पट्टी काढा, अर्धी झाका आणि खिडकीत काही महिने ठेवा, कुठला टिकतो ते आपोआप कळतं.

शिसरेघ

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. बारा पानं झाली. सात किटलीचीच आहेत.

झाकणाची किनार सुरीनं ठेवली, तीन प्रयत्नांत जमली. थंड खडूनं तोटीखालची सावली एका ओढीत आली. काळा खडू पेटीत परत ठेवला, फक्त त्या किनारीपुरता. पाचव्या पानापासून पेन्सिलीनं काहीच आखलं नाही, थेट कुशीवरून ठोकळे मांडले, आणि बाह्यरेषा नसल्याचं मला स्वतःला पान पूर्ण झाल्यावर लक्षात आलं.

पण लिहायचं होतं ते पहिल्या पानाबद्दल. जाडकागद म्हणाले होते समोरचं खिडकीचं पान फाडू नका, म्हणून दोन्ही तशीच ठेवली होती. परवा रात्री वही चाळताना ती जोडपानं उघडली. उजवीकडे ती पहिली, मळकी किटली. डावीकडे शाईतली खिडकी आणि तिच्या काचेवर किटलीचा पुसट निळा ठसा, उलटा, तोटी दुसऱ्या बाजूला. मी कितीतरी वेळ बघत बसले. रात्री आत दिवा असला आणि बाहेर अंधार असला की खिडकीच्या काचेत खोलीतली वस्तू अशीच दिसते.

गडद निळा घेतला, कुशीवर, आणि काचेत ठशाच्या भोवतीनं रात्र भरली. ठशाला हात लावला नाही. निळ्यावर जांभळा, खालच्या कोपऱ्यात तपकिरी, तोच क्रम. शाईच्या रेघा मधून मधून दिसत राहिल्या. चौकटीच्या डाव्या फळीवर आधी पिवळा लावला, त्यावर तपकिरी, आणि रिकाम्या बॉलपेननं खरवडून दिव्याच्या उजेडाच्या चार-पाच रेघा काढल्या. शेवटी ठशातल्या किटलीच्या पोटावर, उजवीकडे, पांढरा एकदाच दाबला. मूळ किटलीवर तो डावीकडे येतो.

दोन्ही पानांवर बटर पेपर लावलाय. डाव्या पानावर टेप शिवणीकडून लावली, म्हणजे वही उघडली की दोन्ही कागद एकदम उचलता येतात.